अपुऱ्या किल्ल्यांची बखर

खंडाळा म्हटले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बोरघाटाच्या माथ्यावरचा, धुक्याचा आणि बंगल्यांचा खंडाळा उभा राहतो. परंतु सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, नीरेच्या दक्षिणेला आणि खंबाटकीच्या पायथ्याशी वसलेला, इंग्रजी अमदानीत वाई तालुक्याचा पेटा म्हणून दप्तरात नोंदला गेलेला आणि पुढे स्वतंत्र तालुक्याचे ठाणे झालेला जो दुसरा खंडाळा, त्याच्या वाट्याला ती कीर्ती कधी आली नाही. त्याचे बरेवाईट सगळे रस्त्याशी बांधलेले. पुण्याचा माल यायचा तो कात्रजचा घाट ओलांडून, साताऱ्याचा यायचा तो खंबाटकीची वळणे उतरून. आणि बैलगाडीच्या काळी काय, किंवा १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस. टी. धावल्यानंतर हळूहळू गावोगाव पोचलेल्या गाड्यांच्या टपांवर काय, पेंढ्यात गुंडाळून पाठविलेली मातीची चित्रे या दोहोंपैकी एका घाटाचा हिसका खाल्ल्यावाचून खंडाळ्याच्या बाजारात उतरत नसत. दिवाळीच्या तोंडावर टोपली उघडावी तो एका मावळ्याचा भाला गेलेला, दुसऱ्याची मान सैल, घोडा तीन पायांवर आणि तोफेचे एक चाक पेंढ्यातच कोठे तरी हरवलेले, असा देखावा दिसावा हे या मार्गावरच्या गावांचे प्राक्तनच होते. दिवाळीतील किल्ल्यांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा पुऱ्या झालेल्या, आरास मांडलेल्या, बक्षीस मिळविलेल्या किल्ल्यांविषयी. मी येथे जो विषय घेतला आहे तो अपुऱ्या किल्ल्यांचा, म्हणजे जो भाग आला नाही, जो मोडका आला किंवा जो साच्यातूनच चुकीचा निघाला, त्याचे आमच्या लोकांनी काय केले, याचा. हा विषय वाटतो तितका पोरकट नाही, कारण ज्या खऱ्या किल्ल्यांच्या या प्रतिकृती, त्यांचाही इतिहास पुष्कळ अंशी गळालेल्या भागांचाच इतिहास आहे.

दिवाळीच्या दिवसांत अंगणात लहान आकाराचे एक जग मांडावे, ही ओढ किल्ल्याहून जुनी असावी असे मला वाटते. सातारा-सांगलीकडच्या घरांतून आजही दारापुढे शेणाच्या गवळणी घालतात आणि बलिप्रतिपदेला शेणाचे पांडव मांडतात. एका गोळ्याचे धड, दुसऱ्याचे शिर, वर झेंडूचे किंवा कुरडूचे फूल, की झाली गवळण. पांडवांतला भीम ओळखावयाचा तो केवळ त्याच्या घेरावरून. या मूर्तींना हात असलेच पाहिजेत असा कोणाचा आग्रह नसतो, आणि जेथे अवयव घडविलेलाच नाही तेथे तो मोडला अशी फिर्यादही संभवत नाही. किल्ल्याची गोष्ट वेगळी. किल्ल्याच्या बालेकिल्ल्यावर सिंहासन आले, सिंहासनावर महाराज आले, आणि त्यांच्याबरोबर विशिष्ट पगडी, विशिष्ट ढाल, विशिष्ट तलवार यांची एक ठराविक यादीच आली. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांचे हे स्थान कायम झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जागृतीमुळे, असा माझा तर्क आहे. जोतीराव फुल्यांनी शिवछत्रपतींचा पवाडा १८६९ साली प्रसिद्ध केला (त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव याच खंडाळा तालुक्यात आहे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही), आणि टिळकांनी रायगडावर शिवोत्सव भरविला तो १८९६ साली. उत्सवाने नायक ठरतो, नायकाने पोशाख ठरतो, आणि पोशाख ठरला की मग मात्र त्यातले काय कमी आहे हे लहान मुलालाही सांगता येते.

ही चित्रे घडविणारे मुख्यतः कुंभार. पुण्यात कसबा पेठेतील कुंभारवाडा या धंद्यासाठी प्रसिद्ध. पण दिवाळीपुरता हा उद्योग करणारी घरे घाटाच्या दोन्ही बाजूंच्या गावांतूनही असत. साचा दोन भागांचा, एक समोरचा आणि एक पाठीचा. मळलेली माती दोन्ही भागांत अंगठ्याने दाबून बसवावयाची, कडांना पातळ चिखल लावून दोन्ही भाग एकमेकांवर चढवावयाचे, माती किंचित आवळली की साचा उकलावयाचा, मूर्ती सावलीत वाळवावयाची, मग कोणी ती आव्यात भाजणार, कोणी कच्चीच ठेवून तिच्यावर खडूचा हात फिरविणार आणि गेरू, पिवडी, नीळ व काजळी एवढ्या चार रंगांत अवघे स्वराज्य रंगविणार. या सरळ दिसणाऱ्या कृतीत दोषांना जागा पुष्कळ. साच्याच्या अरुंद टोकापर्यंत माती पोचली नाही तर मूठ तयार होते पण मुठीतली तलवार होत नाही. दोन भाग एकमेकांवर नेमके न बसता गव्हाभर सरकले तर नाक एकीकडे आणि मिशी दुसरीकडे जाते. माती जास्त भरली तर सांध्यावर करंजीच्या कडेसारखी एक पाकळी राहते, ती खरवडावयाचा कंटाळा केला की प्रत्येक मावळ्याच्या कानामागून खांद्यापर्यंत एक भिंत उभी. आणि उन्हात घाईने वाळविली तर जाड धड मागे ओले राहते, बारीक घोटा आधी आक्रसतो, आणि मूर्ती नेमकी घोट्यापाशी तडकते.

गमतीची गोष्ट अशी की हेच दोष, याच क्रमाने, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोलादी साच्यांतून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींनाही होते. इंग्लंडात ‘फ्रॉग’ या कंपनीने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाने विमानांचे सुटे भाग असलेले संच विकावयास आणले, तेव्हापासून खऱ्या वस्तूच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे विमान घरी जोडण्याचा नाद तेथे रूढ झाला. पुढे १९५२ साली ‘एअरफिक्स’ने ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा स्वस्त संच काढला आणि तो नाद घराघरांत शिरला. पण साचा पोलादाचा झाला म्हणून त्याचे अवगुण गेले नाहीत. वितळलेला रस निमुळत्या टोकाला पोचण्यापूर्वीच थिजला की बंदुकीची नळी अर्धवट राही; साच्याचे दोन भाग झिजले की सांध्यावर पापुद्रा येई; आणि त्या पहिल्या ‘पेंग्विन’ संचांचे प्लॅस्टिक असे होते की काही वर्षांनी विमानाचे पंख आपोआप वाकत. कसब्यातला कुंभार आणि लंडनचा कारखानदार यांची भेट कधी झाली नसेल, पण साच्याने दोघांनाही एकाच शाळेत बसविले होते.

भेद होता तो उपायांत. विलायतेतल्या गिऱ्हाइकाने डबा उघडून भागांची यादी ताडून पाहावी, सत्तावीस क्रमांकाचे चाक नाही असे दिसल्यास कंपनीला पत्र लिहावे, आणि कंपनीने ते चाक टपालाने धाडावे, अशी तेथील वहिवाट. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे असले संच मुंबई-पुण्याच्या मोजक्या दुकानांत दिसत, आणि ज्याच्या हाती एखादा पडे त्याला तेवढ्या एका चाकासाठी साहेबाशी पत्रव्यवहार परवडण्यासारखा नसे. खंडाळ्यातल्या मुलाला तर पत्र कोणाला लिहावे हाही प्रश्न नव्हता. कुंभार टोपली देऊन मोकळा, दुकानदार टोपली घेऊन कबूल, आणि मोडलेला मावळा निम्म्या किमतीत. हा सौदा दोन्ही पक्षांना मान्य असे. किंबहुना मोडक्यांचा ढीग निराळा लावलेला असे आणि हातात चार पैसे असलेली पोरे प्रथम त्या ढिगाकडेच वळत.

कारण मोडक्याचे काय करावयाचे याचे एक स्वतंत्र शास्त्र त्यांना अवगत होते, आणि ते मोठ्या भावाकडून धाकट्याकडे, तोंडी, कसलेही पुस्तक न लागता चालत आले होते. घोट्यातून तुटलेला मावळा ओल्या चिखलात पोटरीपर्यंत रोवला की तो चढण चढणारा वीर होतो. हात नसलेल्याला तटाच्या आड उभे करावे, म्हणजे चर्येवरून फक्त पगडी आणि डोळे दिसतात व तो सर्वांत सावध पहारेकरी ठरतो. तीन पायांचा घोडा पागेच्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर. ज्याचे शिरच गेले तो निरुपयोगी असे कोणी समजू नये. त्याला उतारावर पालथा टाकला की शत्रूकडील एक गडी कामास आला, आणि त्याच्यावाचून युद्धाला रंग चढत नाही. भाल्यासाठी हिराची काडी, तलवारीसाठी डब्याच्या पत्र्याची चिंधोटी, तोफेच्या चाकासाठी सदऱ्याचे बटण किंवा रिकामे रीळ, निशाणासाठी काव लावलेला कागद. तोफेची नळी हरवली तर बोरूचा तुकडा काजळीत बुडवून तिच्या जागी बसे. या तजविजींतील निम्म्या अशा आहेत की ज्यांत मोडलेला भाग पुन्हा केलेलाच नसतो. त्या भागाची गरज उरणार नाही अशी जागा मात्र मूर्तीला शोधून दिलेली असते. मला हा निम्मा हिस्सा अधिक बुद्धीचा वाटतो.

उरलेला हिस्सा कारागिरीचा, आणि तेथे माती आपले नियम सोडीत नाही. सुकलेल्या मातीवर ओली माती चिकटविली तर ती त्या दिवशी चिकटते आणि दुसऱ्या दिवशी सुकून आक्रसते व गळून पडते. हा अनुभव एकदा आला की मूल शहाणे होते. मग मोडलेली जागा आधी भिजवावयाची, आत बारीक काडीची खुंटी ठोकावयाची, शाडूत थोडा कापूस कुटून घालावयाचा म्हणजे तंतू माती धरून ठेवतात आणि तडा जात नाही. गणपती करणाऱ्यांची ही युक्ती मुलांनी त्यांच्या ओट्यावर बसून उचललेली. चिकटविण्यास बाभळीचा डिंक, मैद्याची खळ, आणि सुतार शेजारी असेल व त्याची मर्जी असेल तर त्याच्या भांड्यातला गरम सरस. १९५९ नंतर फेव्हिकॉल आला, पुढे एम-सील आले आणि सांधे पक्के झाले, पण सुताराच्या दारात ताटकळण्याचा योग गेला. याहून धाडसी प्रयोग म्हणजे जोडीतला धड मावळा तेल लावून ओल्या शाडूत दाबावयाचा, तो ठसा वाळवून त्याचाच साचा करावयाचा आणि हरवलेल्याचा जुळा भाऊ पाडावयाचा. यात एक अडचण येते, ती अशी की ठसा वाळताना आक्रसतो आणि त्यातून पाडलेली मूर्तीही वाळताना आक्रसते. सबब नवा गडी जुन्याहून बोटभर नाही तरी नखभर बुटका निघतो. जुन्या किल्ल्यांच्या आराशीत एकाच चेहऱ्याचे लहानमोठे मावळे जे दिसतात त्यांतले काही या कारणाने झालेले आहेत.

आकाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. दिवाळीचा किल्ला प्रमाणात नसतो, ही त्याच्यावरची जुनी टीका आहे आणि ती गणिताने खरी आहे. मावळा तीन इंचांचा धरला तर तो खऱ्या माणसाच्या सुमारे बाविसाव्या हिश्श्याएवढा झाला. त्याच मापाने तीनशे मीटर उंचीचा डोंगर करावयाचा तर तो साडेतेरा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढा करावा लागेल, आणि तेवढी माती टाकावयास कोणत्या वाड्याचे अंगण पुरणार? प्रमाणबद्ध किल्ले करावयाचे तर राजाचा खजिना लागतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तसा तो लावला. त्याचा युद्धमंत्री लुव्वा याने १६६८ पासून सरहद्दीवरील तटबंद शहरांच्या लाकूड, कागद आणि रेशीम यांच्या प्रतिकृती करवावयास प्रारंभ केला, त्यांचे प्रमाण सहाशेस एक असे ठरविलेले असे, आणि राजाने पॅरिसात बसून शेकडो कोसांवरच्या बुरुजाला तोफ कोठून लागू पडेल हे पाहावे असा त्यांचा उपयोग होता. गुपित म्हणून जपलेला तो संग्रहही अखंड राहिला नाही. १८१५ साली प्रशियाच्या सैन्याने त्यांतल्या काही प्रतिकृती उचलून बर्लिनला नेल्या. इकडे १६६८ साली आपल्या महाराजांची स्थिती काय होती? तीन वर्षांपूर्वीच्या पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन झालेले आणि हाती उरलेले अवघे बारा. लुईजवळ प्रतिकृती होत्या आणि किल्लेही होते. महाराजांजवळ प्रतिकृती नव्हत्या आणि पस्तिसांतले तेवीस किल्लेच यादीतून गळालेले होते, जे परत मिळविण्यास १६७० पासून त्यांनी प्रारंभ केला.

आता खऱ्या किल्ल्यांकडे येऊ. किल्ला ही एकदा बांधून विसरावयाची वस्तू नव्हे, तिचे भाग झिजतात, सडतात, चोरीस जातात, याची जाणीव शिवकालीन व्यवस्थेत पक्की होती. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस हे तीन अधिकारी परस्परांवर नजर ठेवून असत, आणि त्यांपैकी कारखानिसाकडे धान्य, सामानसुमान व डागडुजी यांचा जिम्मा असे. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले, त्यातील दुर्गांचे प्रकरण वाचताना एखाद्या काटेकोर कोठीवाल्याची आठवण व्हावी इतके ते बारीकसारीक गोष्टींत शिरते. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. एका दरवाजाचा गड हा सदोष समजून आणखी दरवाजे व चोरदिंड्या ठेवाव्यात. तोफांच्या आवाजाने खडकातले झरे दगा देतात म्हणून साठ्याची टाकी निराळी करावीत. गडावरचा केर जागोजाग जाळून त्याची राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा, इतक्यापर्यंत अमात्यांची नजर गेलेली आहे. आमची मुले दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव आणि मोहरी पेरतात तेव्हा त्यांना हे प्रकरण ठाऊक नसते. तथापि अमात्यांनी ती हिरवळ पाहिली असती तर नापसंत केली नसती, फक्त तटावर उगवलेली तेवढी उपटावयास सांगितली असती.

परंतु डागडुजीचा बंदोबस्त कितीही असला तरी तो शांततेच्या काळात चालतो. युद्धात भाग जातो तो एकाएकी जातो. आमच्या तालुक्यात नीरेच्या काठी शिरवळास सुभानमंगळ नावाचा भुईकोट होता. १६४८ साली आदिलशाहीचा सरदार फत्तेखान चालून आला, तेव्हा त्याच्या हाताखालच्या बाळाजी हैबतरावाने हा कोट घेतला; महाराजांनी कावजी मल्हार यांस तुकडी देऊन पाठविले, त्यांनी कोटावर चाल करून तो परत घेतला आणि त्या झटापटीत हैबतराव मारला गेला. कवींद्र परमानंदाच्या संस्कृत शिवभारतात या लढाईचे वर्णन आहे, आणि याच मोहिमेत बाजी पासलकर पडले असे मानतात. स्वराज्याच्या पहिल्या मोठ्या युद्धाचा आरंभ ज्या कोटाच्या तटाशी झाला त्या कोटाचा तट आज शोधावा लागतो. एखादा ढासळता बुरूज, काही खुणा, बाकी नदी आणि वस्ती यांनी खाल्लेली जागा. मातीचा आणि सपाटीवरचा किल्ला डोंगरी किल्ल्यापेक्षा लवकर मरतो, कारण त्याचा दगड आणि त्याची जमीन या दोन्ही वस्तू शेजाऱ्याला उपयोगी पडतात.

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याची कथा अधिक भीषण आहे. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेबाने त्याला वेढा घातला. गडावर प्रयागजी प्रभू किल्लेदार. चार महिन्यांनी, एप्रिल १७०० मध्ये, मोगलांनी तटाखाली सुरुंग उडविले. पहिल्याने तट उसळून आतल्या मराठ्यांवर पडला आणि प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली सापडून जिवंत निघाले. दुसऱ्याने मात्र बुरूज बाहेरच्या बाजूस कोसळला आणि हल्ल्यासाठी दाटी करून उभ्या असलेल्या मोगल सैन्याचाच त्याखाली चुराडा झाला, तवारिखकारांच्या हिशेबाने सुमारे दोन हजार माणसांचा. अखेरीस रसद संपल्यामुळे गड गेला, औरंगजेबाने त्याचे नाव आझमतारा ठेवले, आणि मराठ्यांनी तो परत घेतल्यावर नावही बदलले. बुरूज कोणी पाडला आणि कोणी बांधला याचा विचार केला तर एकाच तटात शत्रूचा दगड आणि आपला दगड शेजारी शेजारी बसलेला असतो, हे अशा किल्ल्यांवर हिंडणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

भाग नेहमी नाहीसाच होतो असेही नाही. कधी तो दुसऱ्याच ठिकाणी जाऊन बसतो. खंबाटकी ओलांडून वाईकडे वळावे आणि मेणवलीस जावे. तेथे नाना फडणिसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ हे साल कोरलेले आहे, आणि ती मुळात पोर्तुगीजांच्या ख्रिस्ती मंदिरातील आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा अशा घंटा विजयचिन्ह म्हणून आणल्या गेल्या व देवळांना वाहिल्या गेल्या. वसईच्या दृष्टीने जो हरवलेला भाग तो मेणवलीच्या दृष्टीने दोन-अडीच शतकांचा हक्काचा भाग आहे, आणि कृष्णेच्या काठी तो इतका शोभतो की परत करा म्हणावयाची छाती होऊ नये.

१८१८ साली इंग्रजांनी जे केले त्यात मात्र शोभेचा अंश नव्हता. फेब्रुवारीत सातारा घेतला, मे महिन्यात रायगड घेतला, आणि मग हे किल्ले पुन्हा कोणाला उपयोगी पडू नयेत म्हणून, विशेषतः नाशिकच्या डोंगरांत, कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरुंगांनी उडवून दिल्या, दरवाजे मोडले, टाकी निकामी केली. याचा हिशेब असा की किल्ला संपूर्ण पाडण्यास फार दारू लागते. नेमका एक भाग काढला की उरलेला आपोआप मृत होतो. पायरीविना दरवाजा, दरवाजाविना तट आणि पाण्याविना बालेकिल्ला यांचा उपयोग काय? साच्यातून तलवारीविना निघालेल्या मावळ्यासारखी ही चूक नव्हती. हा विचारपूर्वक केलेला विच्छेद होता.

आता प्रतिकृती करणाऱ्यापुढची खरी अडचण लक्षात येईल. विमानाचा संच जोडणाऱ्याजवळ चाक नसले तरी चाक कसे असते हे त्याला ठाऊक असते. कंपनीची यादी आहे, चित्र आहे, खरे विमान कोठे तरी उभे आहे. सुभानमंगळ करू पाहणाऱ्या मुलापुढे यादीही नाही आणि मूळ वस्तूही नाही. त्याने मग राजगडाचा दरवाजा आणि रायगडाचे टकमक टोक आणून शिरवळच्या सपाटीवर बसविले तर त्याला हसू नये. हीच मुभा मोठ्या माणसांनी खऱ्या किल्ल्यावर घेतली की मात्र ते अक्षम्य होते. १९६४ साली व्हेनिस येथे स्मारकांच्या जतनासंबंधी जी सनद ठरली तिच्यात दोन कलमे या विषयाला नेमकी लागू पडतात: जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि गळालेल्या भागाच्या जागी जो नवा भाग घालाल तो एकूण रूपाशी जुळणारा असावा, पण जुना म्हणून खपू नये, पाहणाऱ्याला वेगळा ओळखता यावा. तटाच्या फटींत सिमेंट कोंबून वर चुन्याचा रंग देण्याची जी रीत आपल्याकडे अनेक ठिकाणी दिसते ती या दोन्ही कलमांच्या विरुद्ध आहे, आणि त्यापेक्षा पडका तट पडकाच राहिलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. पोरांचा नखभर बुटका मावळा आपला बुटकेपणा लपवीत तरी नाही.

अलीकडे बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्ले येतात. दरवाजा, बुरूज, पायऱ्या, गुहा, सगळे एका तुकड्यात ओतलेले. घरी आणावा, गॅलरीत ठेवावा, दिवाळी संपली की माळ्यावर टाकावा. शहरात अंगण राहिले नाही, माती विकत घ्यावी लागते, आईबापांना वेळ नाही, ही कारणे खोटी नाहीत. पण त्या किल्ल्यात काहीच कमी नसते आणि म्हणूनच त्यात मुलाला करावयास काहीच उरत नाही. एखादा कंगोरा उडालाच तर दुकानदार तो बदलून देतो. मला विचाराल तर मोडक्या ढिगातल्या चार मावळ्यांवर उभा केलेला किल्ला या तयार किल्ल्याहून किती तरी पटींनी श्रीमंत.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतील जिंजी, आणि सातारा जिल्ह्यातला एकटा प्रतापगड. सुभानमंगळ त्या यादीत नाही आणि येण्याचा संभवही नाही, कारण यादीत येण्यासाठी आधी काही तरी उरलेले असावे लागते. तेव्हा शिरवळ, खंडाळा आणि लोणंद येथील शाळांतील गुरुजनांना माझी एवढीच विनंती आहे की येत्या दिवाळीपूर्वी एखादा दिवस काढून मुलांना नीरेच्या काठी न्यावे, तेथे जो बुरूज आणि ज्या खुणा उरल्या आहेत त्या दोरीने मोजाव्यात, त्यांचा आराखडा तारीख घालून शाळेच्या दप्तरात जपून ठेवावा, आणि त्या मापाने अंगणात सुभानमंगळ बांधावा. ज्या बाजूचा तट गेला आहे ती बाजू मोकळी सोडावी आणि तेथे एक पाटी लावावी, की हा भाग मिळालेला नाही.